तीन मिनिटांच्या तबकड्या : बाल्टिमोरच्या ‘ओरिओल्स’ची गाणी

१९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या एका नव्या, बेताच्या भांडवलाच्या कंपनीनं एक तबकडी बाजारात आणली. कंपनीचं नाव ‘इट्स अ नॅचरल’, गाणं ‘इट्स टू सून टू नो’ आणि गाणारे ‘ओरिओल्स’. तिन्ही नावं तोवर कुणी ऐकलेली नव्हती. कंपनीचं नाव तर थोड्याच दिवसांत बदलून ‘ज्युबिली’ झालं. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या यादीत हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की ज्या सर्वसाधारण यादीत एरवी गोऱ्या गायकांचीच नावं दिसत, तिथंही ते तेराव्या क्रमांकापर्यंत चढलं.

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तबकडीचा वेग चुकलाय की काय, अशी शंका आली होती. इतकं ते संथ आहे. मुख्य गायक शब्द उच्चारायच्या आधी जरासा थबकतो आणि ठेक्याच्या मागं राहून चालतो. वाद्यांची साथ अगदी नावापुरती. त्याच्या मागं दोन-तीन आवाज ‘ऊऽऽ’ करत तरंगत राहतात. मधेच एक जाडसर, किंचित घोगरा आवाज पुढं येतो, चार ओळी म्हणतो आणि परत मागं सरतो. जेमतेम तीन मिनिटांत सगळं संपतं. प्रेम आहे की नाही, हे इतक्यात कसं कळणार, एवढाच गाण्याचा विषय. आणि उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही.

या तबकडीला कुणी पहिलं रॉक अँड रोल ध्वनिमुद्रण म्हणतं, कुणी डू-वॉपचा आरंभ म्हणतं. ‘पहिलं’ कोणतं या वादात मला फारसा रस नाही. तसल्या वादात निकाल आधी ठरतो आणि व्याख्या मागून येते. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. इतकं अंग चोरून गायलेलं गाणं अशा वेळी, अशा शहरातून, अशा माणसांकडून कसं काय आलं? आणि त्याचा मोबदला कुणाच्या पदरात पडला?

आधी शहराकडं पाहू. बाल्टिमोर हे मेरीलँड राज्यातलं बंदर, धड उत्तरेत नाही, धड दक्षिणेत नाही. १९१०मध्ये याच शहरानं कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहायचं आणि कोणत्या नाही, हे ठरवणारा अमेरिकेतला पहिला नगर-कायदा केला. सर्वोच्च न्यायालयानं १९१७मध्ये असे कायदे रद्द ठरवले, पण वस्त्या होत्या तशाच राहिल्या. शहराच्या मध्यवर्ती भागातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय बाईला टोपी किंवा झगा अंगावर घालून बघायची मुभा नसे. त्यामुळं काळ्या बाल्टिमोरची सगळी करमणूक, सगळा दिमाख एका रस्त्यावर गोळा झाला. तो पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू. तिथं ‘रॉयल’ नावाचं नाट्यगृह होतं. न्यूयॉर्कचं ‘अपोलो’, वॉशिंग्टनचं ‘हॉवर्ड’, शिकागोचं ‘रीगल’ या मालिकेतलं ते एक. मोठ्या कृष्णवर्णीय कलावंतांचा दौरा या नाट्यगृहांतून फिरत असे. त्याच रस्त्यावरच्या क्लबांत हौशी गायकांच्या स्पर्धा चालत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर या रस्त्याच्या आसपास काही तरुण एकत्र गाऊ लागले. अर्लिंग्टन टिलमन हा त्यांतला म्होरक्या. जन्म १९२८चा, म्हणजे विशीसुद्धा ओलांडलेली नाही. पुढं ‘सनी टिल’ याच नावानं तो ओळखला गेला. अलेक्झांडर शार्प उंच, पातळ स्वरात गाई. जॉर्ज नेल्सनचा आवाज मधल्या पट्टीतला, मगाशी म्हटलेला घोगरा तो त्याचाच. जॉनी रीड खर्ज लावायचा आणि माणसाएवढं उभं बेस वाजवायचा. टॉमी गेदरकडं गिटार होती. सुरुवातीला ते स्वतःला ‘व्हायब्रानेअर्स’ म्हणवत.

इथं आपल्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं, कारण गायकांचा असा संच म्हणजे नेमकं काय, हे आपल्या गाण्याच्या सवयीतून चटकन उमगत नाही. आपल्याकडं शाहिरामागं झीलकरी असतात, भजनात टाळकरी असतात. ते मुख्य गायकाची ओळ उचलतात आणि बहुधा त्याच स्वरात परत म्हणतात. या संचांत तसं नसतं. एकाच क्षणी चौघं चार वेगवेगळ्या स्वरांवर उभे असतात आणि त्या चार स्वरांचं मिळून जे होतं, तीच गाण्याची जमीन. त्या जमिनीवर एक जण चालतो. मागच्यांनी शब्द म्हणायलाच हवेत असं नाही. नुसता ‘ऊ’ किंवा ‘आ’ पुरतो. खरी कसोटी आवाजाच्या ताकदीची नसतेच. दुसऱ्याचा स्वर ऐकत ऐकत स्वतःचा किती राखायचा, किती सोडायचा, यात सगळं असतं. वाद्यं विकत घ्यायला पैसे नसले तरी हे जमतं. रस्त्याचा कोपरा, जिन्याखालची जागा, जिथं आवाज घुमतो ती कोणतीही भिंत चालते.

ओरिओल्सच्या आधी या प्रकाराचे नमुने होतेच. ‘मिल्स ब्रदर्स’ तोंडानंच वाद्यांचे आवाज काढत. ‘इंक स्पॉट्स’ या संचाचं ‘इफ आय डिडन्ट केअर’ १९३९मध्ये अफाट गाजलं. त्यात आधी गिटारचा एक ठरावीक तुकडा, मग बिल केनीचा उंच आवाज, मधे खर्जातलं बोलणं, असा साचा होता. त्यांचे उच्चार स्वच्छ, जवळपास नाटकी. बैठकीच्या खोलीत रेडिओजवळ बसलेल्या गोऱ्या कुटुंबाला संकोच वाटू नये, असं ते गाणं. मग १९४६च्या सुमारास न्यूयॉर्कला ‘रेव्हन्स’ आले. त्यांनी जिमी रिक्सचा खर्ज पुढं आणून साचा उलटा केला. रेव्हन म्हणजे डोमकावळा. ओरिओल हा मेरीलँडचा राज्यपक्षी. रेव्हन्सच्या पाठोपाठ ओरिओल्सनीही पक्ष्याचं नाव घेतलं, आणि मग लार्क, स्वॅलो, कार्डिनल, फ्लेमिंगो, क्रो, पेंग्विन अशी सगळी पाखरं अमेरिकेच्या गल्ल्यांतून उडू लागली.

ओरिओल्सच्या गोष्टीतलं सर्वांत अनपेक्षित पात्र गाणाऱ्यांपैकी नाही. डेबोरा चेसलर ही बाल्टिमोरचीच, ज्यू घरातली, पंचविशीची तरुणी. दिवसा दुकानात विक्रेती म्हणून उभी राहायची आणि फावल्या वेळात गाणी रचायची. या पोरांचं गाणं तिनं पहिल्यांदा ऐकलं ते टेलिफोनवरून. पलीकडून त्यांनी गाऊन दाखवलं, आणि ती त्यांची व्यवस्थापक झाली. ‘इट्स टू सून टू नो’ तिचंच. ते सुचलं तेव्हा हाताशी कागद नव्हता म्हणून टॉयलेटच्या कागदावर उतरवलं, अशी आठवण ती सांगत असे. तिचं एक लग्न तेव्हा मोडलेलं होतं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य पुन्हा कानावर आलं की आधी शंका यावी, अशा मनःस्थितीतलं हे गाणं आहे. ते एका बाईनं लिहिलंय हे लक्षात ठेवून ऐकावं. त्या काळच्या प्रेमगीतांतला पुरुष एक तर शपथा घेतो नाही तर टाहो फोडतो. हा पुरुष नुसता साशंक आहे. ती शंका चेसलरची आहे, टिलच्या तोंडी दिलेली.

गोरी तरुणी आणि पाच काळे तरुण एका मोटारीतून गावोगाव फिरताहेत, हे दृश्य १९४८ साली काय असेल याची कल्पना करा. मेरीलँडमध्ये गोऱ्या-काळ्यांचं लग्न १९६७पर्यंत बेकायदा होतं. दक्षिणेत तर एका खाणावळीत शेजारी बसणंही अशक्य. कार्यक्रम ठरवायचे, पैसे मोजून घ्यायचे, गाणी लिहायची, आणि हे सगळं अशा वातावरणात करायचं. चेसलरनं ते काही वर्षं केलं.

तिनंच त्यांना आर्थर गॉडफ्रे याच्या नवोदितांच्या रेडिओ-स्पर्धेत नेलं. तिथं ओरिओल्स हरले. जिंकला तो जॉर्ज शिअरिंग, लंडनहून आलेला अंध पियानोवादक, पुढं जॅझमधलं मोठं नाव. पण श्रोत्यांचा प्रतिसाद असा होता, की गॉडफ्रेनं या हरलेल्या पोरांना आपल्या सकाळच्या कार्यक्रमात गायला बोलावलं. तिथून वाट जेरी ब्लेनकडं गेली. तो रेकॉर्ड-वितरणाच्या धंद्यातला माणूस, एके काळी वाद्यवृंदही चालवलेला. मोठ्या कंपन्यांना कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत फारसा रस उरला नव्हता. ती जागा ब्लेनसारख्या छोट्या मालकांनी घेतली. त्यांच्यापाशी मोठे वाद्यवृंद आणि संगीतसंयोजक ठेवायला पैसा नसे, म्हणून ध्वनिमुद्रणं उघडीबोडकी राहत. ओरिओल्सच्या तबकडीवरची जी रिकामी जागा आज आपल्याला सौंदर्य वाटते, तिच्यात काटकसरीचाही वाटा आहे, असं माझं मत.

आता त्या तबकडीकडं परत येऊ. गाण्याची बांधणी त्या वेळच्या बहुतेक अमेरिकी लोकप्रिय गाण्यांसारखीच, चार तुकड्यांची. पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीत, तिसरा वेगळ्या. टिल पहिले दोन तुकडे गातो. तिसऱ्यात नेल्सन येतो. टिलचा आवाज मऊ, अगदी कानाशी बोलल्यासारखा. नेल्सनचा आवाज मात्र त्या मऊपणाला खरखरीत कड लावतो. जणू तोच माणूस क्षणभर धीर करून मोठ्यानं बोलला. मग टिल परततो तेव्हा तो पहिल्यापेक्षाही एकटा वाटतो. शार्पचा उंच आवाज वरून, शब्दांशिवाय, हलकेच जातो. मध्य आणि उंच स्वरांच्या या वाटणीचं पुढच्या दहा वर्षांत शेकडो संचांनी अनुकरण केलं.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘टेल मी सो’मध्ये हे आणखी स्पष्ट झालं. हेही गाणं चेसलरचं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात मुख्य ओळीच्या समांतर, शब्दांवाचून, एक उंच आवाज स्वतःची चाल गातो. सारंगीनं गायकाच्या मागं राहावं तसं नव्हे; सारंगीनं स्वतःचंच दुःख सांगत शेजारून चालावं तसं. ‘डू-वॉप’ हा शब्द साठच्या दशकात रूढ झाला. पण त्या शब्दानं डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं बरंचसं या दोन तबकड्यांत आधीच आहे.

मंचावर टिल ध्वनिक्षेपकावर झुकून, हात हवेत फिरवत गाई, आणि समोर बसलेल्या मुली किंचाळत. किंचाळणाऱ्या मुली म्हटल्या की आपल्याला आधी एल्विस आठवतो, मग बीटल्स. ‘अपोलो’त आणि ‘रॉयल’मध्ये ते त्याआधीच सुरू झालं होतं, फक्त वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार तिथं नव्हते.

आता यादीची गोष्ट. ‘बिलबोर्ड’मध्ये कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांची यादी १९४२ साली ‘हार्लेम हिट परेड’ नावानं सुरू झाली. १९४५पासून तिला ‘रेस रेकॉर्ड्‌स’, म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’, म्हणू लागले. जून १९४९मध्ये ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झालं. हा शब्द सुचवणारा जेरी वेक्सलर तेव्हा ‘बिलबोर्ड’मध्ये वार्ताहर होता, पुढं तो मोठा निर्माता झाला. म्हणजे ओरिओल्सचं पहिलं गाणं ‘रेस’च्या यादीत आलं आणि दुसरं मोठं यश ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’च्या उंबरठ्यावर. गाणारे तेच, ऐकणारे तेच. नाव फक्त सभ्य झालं. मात्र नाव बदलल्यानं एक फट पडली, हेही खरं. ‘रेस’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या कातडीविषयी बोलतो, ‘ऱ्हिदम’ हा गाण्याविषयी. ज्याला गाणं आवडतं अशा कुणालाही त्या फटीतून आत येता येत होतं.

मोबदल्याचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा. गाणं गाजताच एला फिट्झजेराल्डनं ते गायलं, दायना वॉशिंग्टननं गायलं, खुद्द रेव्हन्सनी गायलं. यात कुणीही कायदा मोडला नाही. १९०९च्या कायद्यानुसार प्रत्येक विकल्या गेलेल्या तबकडीमागं गाणं रचणाऱ्याच्या हक्कापोटी दोन सेंट ठरलेले होते. पण गाण्याची पद्धत, आवाजांची वाटणी, मागचा ‘ऊ’ यांवर कुणाचाच हक्क नव्हता. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं ते थेट १९७२पासून. रेडिओवर तबकडी लागली तर गाणाऱ्याला काही मिळत नसे. नेहमीच्या रेडिओवर ते आजही मिळत नाही. आणि ज्यूकबॉक्स? काळ्या वस्त्यांतल्या खानावळींत, बारमध्ये गाणं ऐकलं जायचं ते मुख्यतः या पेटीत पाच सेंटचं नाणं टाकून. त्या पेट्यांना कायद्यानं खास सूट होती. १९७८पर्यंत ज्यूकबॉक्समध्ये पडलेल्या नाण्यातला एकही पैसा गाणाऱ्याच्या वाट्याला येत नव्हता, रचणाऱ्याच्याही नाही. ज्या वाटेनं गाणं घराघरांत पोचलं, त्या वाटेवरचा सगळा जकातनाका दुसऱ्याचा.

म्हणून पोटासाठी प्रवास. रात्री कार्यक्रम, पहाटे मोटार, दुसऱ्या गावी पुन्हा कार्यक्रम. नोव्हेंबर १९५०मध्ये बाल्टिमोरजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला. टॉमी गेदर गेला. नेल्सन आणि रीड जखमी होऊन रुग्णालयात पडले. गेदरच्या जागी राल्फ विल्यम्स गिटार वाजवू लागला, आणि काही काळानं नेल्सनच्या जागी ग्रेगरी कॅरोल आला. गायकांच्या संचात एक माणूस बदलला की नुसतं नाव बदलत नाही, स्वरांचं वजनच बदलतं. १९५० आधीच्या आणि नंतरच्या तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या तर हे जाणवतं.

आणि तरीही त्यांचं सर्वांत मोठं यश या पडझडीनंतरचं आहे. टेक्सासमधल्या आर्टी ग्लेन या माणसानं ‘क्राइंग इन द चॅपल’ हे भक्तिपर गाणं लिहिलं आणि त्याच्या किशोरवयीन मुलानं, डॅरेल ग्लेननं, ते १९५३मध्ये गायलं. ते पूर्णपणे गोऱ्यांच्या ‘कंट्री’ परंपरेतलं. ओरिओल्सनी त्याच वर्षी जूनअखेर ते ध्वनिमुद्रित केलं. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सर्वसाधारण यादीत अकराव्या. इथं देवाणघेवाणीची दिशा उलटी आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. गोऱ्यांनी काळ्यांची गाणी घेतली, हा इतिहास आपण नेहमी ऐकतो आणि पैशाच्या हिशेबात तो खराच आहे. पण गाणं कानानं प्रवास करतं. मूळ गाण्यातला समाधान पावलेला भाविक टिलच्या गळ्यात बदलतो. प्रार्थनेला बसलेला हा माणूस अजून पुरता शांत झालेला नाही. चेसलरच्या पहिल्या गाण्यातली शंका इथंही त्याच्या सोबत आलेली दिसते.

त्यानंतर उतार झपाट्यानं आला. १९५५च्या सुमारास जुना संच फुटला, चेसलरही या धंद्यातून बाहेर पडली. टिलनं दुसऱ्या एका संचातल्या तरुणांना बरोबर घेऊन ओरिओल्स हे नाव चालू ठेवलं. तोवर रॉक अँड रोलला वेग आला होता, गोंगाट आला होता. संथ गाणाऱ्यांची पंचाईत झाली. १९५८ साली ‘इट्स टू सून टू नो’ पुन्हा लोकप्रिय झालं, पण पॅट बून या गोऱ्या, इस्त्रीबंद गायकाच्या आवाजात, आणि थेट चौथ्या क्रमांकावर. ओरिओल्स दहा वर्षांपूर्वी जिथं तेराव्या पायरीवर अडले, तिथं. १९६५मध्ये एल्विसचं ‘क्राइंग इन द चॅपल’ आलं. ते ब्रिटनमध्ये पहिलं आणि अमेरिकेत तिसरं ठरलं. त्या गाण्याची सर्वांत विलक्षण गती मात्र जमैकात झाली. हैले सेलासी १९६६मध्ये तिथं येऊन गेल्यावर दोन वर्षांनी बॉब मार्लेच्या ‘वेलर्स’नी त्याच चालीवर रास्ताफारी भक्तीचे शब्द घालून गायलं. टेक्सासच्या ख्रिस्ती माणसाची चाल बाल्टिमोरमार्गे किंग्स्टनला पोचली आणि तिथं तिचा देव बदलला.

‘रॉयल’ नाट्यगृह १९७१मध्ये पाडलं. सनी टिल गात राहिला आणि १९८१च्या डिसेंबरात, त्रेपन्नाव्या वर्षी गेला. १९९५मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’नं ओरिओल्सना पूर्वसूरींच्या दालनात स्थान दिलं. त्या नोंदीत पाच नावं आहेत. चेसलरचं नाही. ग्रील मार्कस या समीक्षकानं नव्वदच्या दशकात तिला शोधून तिच्यावर विस्तारानं लिहिलं नसतं, तर टेलिफोनवरून गाणं ऐकणारी ती विक्रेती बहुधा संग्राहकांच्या टाचणांतच राहिली असती. ती २०१२पर्यंत होती.

कुणाला ही गाणी ऐकावीशी वाटली तर एक सूचना. ‘क्राइंग इन द चॅपल’पासून सुरुवात करू नये, एल्विस आणि इतर मधे येतात. ‘टेल मी सो’ आधी ऐकावं. पहिल्या वेळी टिलकडं लक्ष जाईलच. दुसऱ्यांदा लावाल तेव्हा त्याला सोडून द्या आणि वरून जाणाऱ्या त्या शब्दहीन आवाजाच्या मागं जा. तो अलेक्झांडर शार्प. तिसऱ्या वेळी फक्त गेदरची गिटार ऐका. ती फार थोडं वाजते.